भलत्याच बाईच्या गळ्यात

अकाइतीच्या तोंडाला आमच्या बेटाच्या आरुतांगा बंदरावरची कुत्रीसुद्धा वचकून असायची. पाव किलोमीटरवरून तिचा आवाज आला की ती मुकाट्यानं उठून चर्चच्या भिंतीमागे जायची. माणसांना तेवढं शहाणपण नव्हतं. ती जवळ जाऊन बोलणी खायची आणि वर हसायचीही, कारण ही बाई शिव्या घालता घालता हातात गरम खायला ठेवणारी होती.

धंदा म्हणाल तर हारांचा. बेटावर कुणी आलं की गळ्यात हार पडलाच पाहिजे, आणि तो अकाइतीच्याच हातचा पाहिजे. पहाटे ती अनंताच्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडायची, म्हणजे पाहुणा उतरेपर्यंत त्या गळ्यात उमलतात. दोरा मात्र दुकानातला चालायचा नाही. केळीच्या सोपाचा धागा काढून त्यात ओवायचं. कुणा नव्या पोरीनं नायलॉनचा दोरा आणला तर, "हा मासे धरायला ने, माणसं धरायला नको," असं म्हणून ती तो फेकून द्यायची. साठी उलटली होती, नवरा कधीच गेला होता, मुलं पांगली होती, तरी बाई धक्क्यावर उभी राहिली की सगळं बंदर तिच्या घरचं असल्यासारखं चालायचं.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. आमच्याकडे परत आलेल्या माणसाला 'तू कोण' असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखंच. माणूस बेट सोडून गेला, पन्नास वर्षांनी म्हातारा होऊन आला, ओळख पटो न पटो, आधी हार घालायचा, मिठी मारायची, दोघांनी मिळून पोटभर रडायचं आणि मग जेवायला बसवायचं. नाव काय ते जेवताना आपसूक बाहेर पडतं. नाही पडलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, जेवण तर झालेलं असतं.

तर त्या वर्षी मेरेआनाच्या लेकीचा ऑकलंडहून फोन आला. मेरेआना ही अकाइतीची चुलत बहीण. धक्क्यावर डोनट तळायची आणि त्याबरोबर गावभरच्या बातम्याही तळून द्यायची. ती पीठ माखलेल्या हातानंच धावत आली.

"अकाइती, बस आधी. बसलीस? नोवाई येतेय."

अकाइती बसली नव्हती. ती आता बसली.

नोवाई तिची सख्खी थोरली बहीण. चाळीसेक वर्षांपूर्वी, माणसं संत्री वाहून नेणाऱ्या बोटीतून न्यूझीलंडला जायची त्या काळात, ती गेली आणि टोकोरोआला लाकडाच्या गिरणीत लागली. तिथंच लग्न, तिथंच संसार. सुरुवातीला सणासुदीला पेट्या यायच्या, त्यांतून कापड, साबण, पोरांना बूट. मग त्यांचे वडील वारले.

आमच्याकडे माती द्यायला उशीर करत नाहीत, पण नोवाईसाठी दोन दिवस थांबले. अकाइती पोस्टात जाऊन फोन लावून बसली. तेव्हा बेटावर फोन म्हणजे तो एकच, आणि मागे ही रांग. पलीकडून नोवाई नुसती म्हणाली, "मला जमायचं नाही." का जमायचं नाही, काही नाही. मग अकाइतीचं तोंड सुटलं.

"विमान काय तुझ्या दारात आणून बांधायचं? पोरंसोरं बसतात त्यात, म्हाताऱ्या कोंबड्या घेऊन बसतात! बाप मरून पडलाय आणि बाईसाहेबांना जमायचं नाही! मग ऐक, नोवाई. या धक्क्याला तुझं पाऊल पुन्हा कधी लागायचं नाही. मी सांगते, लागायचं नाही!"

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत बेटाच्या दुसऱ्या टोकालाही ते पोचलं होतं.

आठवडा जायच्या आत अकाइतीला पस्तावा झाला. पण पुन्हा फोन करायचा तर पुन्हा तीच रांग, तेच कान, आणि तिचा ताठा काही कमी नव्हता. नोवाईनंही फोन केला नाही. पेट्या यायच्या बंद झाल्या. दोघींना एकमेकींना काही सांगायचं असेल तर ते मेरेआनाच्या मार्फत जायचं, आणि मेरेआनाच्या मार्फत गेलेलं सरळ कधी पोचलंय?

"कशी येतेय?" अकाइतीनं विचारलं.

"पर्यटकांच्या मोठ्या जहाजातून! ताहितीहून निघून ऑकलंडला जाणारं. आपल्याकडे सकाळी थांबणार, संध्याकाळी निघणार. ताहितीला कशी गेली म्हणशील, तर ऑकलंडहूनच त्यात बसलीय, जाऊन येऊन. बघ काय थाट आहे."

"थाट आहे खरा," अकाइती म्हणाली. "लोक विमानानं येतात. हिला राणीसारखं जहाज लागतं."

असं म्हणाली खरी, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. ते शब्द कसेही करून मागे घ्यायचे होते. नोवाई आता सत्तरीला टेकली होती. एवढा एक दिवस हुकला तर पुढचा कुठून आणायचा?

मग काय विचारता! घराच्या खिडक्या रंगल्या. डुकराचं पिल्लू ठरलं. अळकुड्या आल्या, नीरफणस आला, नारळाच्या दुधात शिजवायला कोवळी अळूची पानं आली. नोवाईला बिटानं गुलाबी केलेली बटाट्याची कोशिंबीर आवडायची, म्हणून मेरेआनानं ती घमेलंभर करायचं कबूल केलं. अकाइती चालता चालता पुटपुटायची. बायकांना वाटायचं प्रार्थना म्हणतेय. ती बहिणीची माफी कशी मागायची ते घोकत होती.

जहाज यायच्या आदल्या दिवशी पश्चिमेकडून समुद्र उठला.

इथं मोठं जहाज आत येत नाही. ते प्रवाळाच्या कडेबाहेर उभं राहतं आणि त्याच्या लहान बोटी माणसांना घेऊन अरुंद खिंडीतून धक्क्याला येतात. पश्चिमेचं उधाण असलं की खिंडीत लाटा अशा फुटतात की जहाजाचा कप्तान एकदा बघतो, तोंड वाकडं करतो आणि भोंगा वाजवून निघून जातो. मग आम्ही हार आपल्याच गळ्यात घालतो आणि शिजवलेलं आपणच खातो. असं वर्षातून दोनचारदा होतंच.

पण या वेळी लोकांना समुद्राचं कारण पुरेना. "काळजिभी बोलली होती ना, पाऊल लागायचं नाही म्हणून," असं चर्चच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं. "बघा आता." दुसऱ्या दिवशी पहाटे पडाववाला पोकिनो धक्क्यावर पाण्याकडे बघत उभा होता. हा पोकिनो दोघी बहिणींच्या शाळेतला, जहाजातलं सामान सपाट तळाच्या पडावातून आत आणण्यात त्याचा जन्म गेला. त्यानं मान हलवली.

"काय रे?" अकाइती हारांची टोपली घेऊन मागे उभी होती.

"दुपारपर्यंत बंद होईल खिंड."

"तुझं तोंड बंद होऊ दे त्याच्याआधी."

"माझ्या तोंडानं समुद्र उठत नाही, बये," पोकिनो म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं की हे बोलायला नको होतं. अकाइती टोपली उचलून पुढे गेली. शिवी आली नाही हे पाहून तो घाबरला.

जहाज आलं. पांढरं, गावाएवढं. त्याच्या पोटातून पहिली लहान बोट सुटली, खिंडीत एकदा दिसेनाशी झाली, पुन्हा वर आली, आणि भिजलेली, किंचाळणारी, हसणारी माणसं घेऊन धक्क्याला लागली. ढोल सुरू झाले. गोरे, लाल झालेले लोक एकेक करून उतरले. आणि सगळ्यांच्या शेवटी एक बाई. ठेंगणी, सावळी, पांढऱ्या केसांची, डोक्यावर मोठी टोपी, डोळ्यांना काळा चष्मा, एकटीच. मेरेआनाच्या लेकीनं फोनवर पाठवलेल्या फोटोत नोवाई अगदी अशीच होती. म्हणजे टोपी आणि चष्मा अगदी असाच होता.

"आली गं!" मेरेआनानं असा गळा काढला की ढोलवाले थांबले.

मग धक्क्यावर जे झालं ते पाहायला हवं होतं. पंधरावीस बायका त्या एका बाईवर तुटून पडल्या. हारांवर हार पडले, नाकापर्यंत आले. आणि अकाइती, जिला रडताना नवऱ्याच्या अंत्यविधीलाही कुणी पाहिलं नव्हतं, ती त्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून हमसून हमसून रडली.

"मी बोलले ते मागे घेते गं. फाटक्या तोंडाची मी, मला तू ओळखत नाहीस का? एका आठवड्यात पस्तावले होते. एका आठवड्यात! ताठ्यापायी तीस वर्षं घालवली. तू मार मला हवं तर, पण ते शब्द धरून बसू नकोस. तुझंच बंदर आहे, तुझंच घर आहे."

बाईनं दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं आणि तीही रडू लागली. अगदी मनापासून रडली. लोकांनी डोळे पुसले. चर्चच्या पायरीवर जे कुजबुजत होते त्यांना कोपरं बसली.

मग जेवण. धक्क्यालगतच्या छपराखाली जमिनीतली भट्टी उघडली होती. बाईला मधोमध बसवलं. केळीच्या पानावर डुकराचं मऊ मांस, अळकुडी, लिंबात आणि नारळाच्या दुधात मुरवलेला कच्चा मासा, आणि गुलाबी कोशिंबिरीचा डोंगर. बाई जेवत होती, हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. बोलत मात्र नव्हती.

"टोकोरोआला थंडी फार का गं?" मेरेआनानं विचारलं.

बाई हसली.

"आपली भाषा विसरली वाटतं," मेरेआना कुजबुजली. "गिरणीच्या आवाजानं कान गेले असतील," दुसरीनं ठरवून टाकलं. अकाइतीला कसलीच शंका आली नाही. तिच्या छातीवरचा दगड उतरला होता, ती बाईच्या पानावर वाढत सुटली होती.

एवढ्यात पोकिनो घाईघाईनं आत आला.

"जहाजावरून निरोप आलाय. खिंड बिघडली, आता एकही बोट सोडणार नाहीत. उतरलेत तेवढ्यांना लगेच परत पोचवा म्हणतात, त्यांच्या बोटींना येववत नाही, मलाच पडाव काढायला सांगितलाय." मग त्याची नजर बाईवर गेली. "आणि ही कोण?"

सगळ्या बायका दचकल्या. विचारू नये ते या गाढवानं विचारलं!

"कोण म्हणजे?" अकाइती उसळली. "डोळे फुटले? नोवाई आहे!"

"ही? हट्!" पोकिनो म्हणाला. "नोवाईच्या हनुवटीवर खोक आहे. मीच दगड मारला होता, आंबे पाडताना. बाईची हनुवटी बघ, काचेच्या बशीसारखी आहे."

सगळ्यांनी हनुवटी बघितली. बाईनं घास खाली ठेवला, चष्मा काढला, छातीवर हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, फार अपराधी आवाजात सांगितलं की तिचं नाव रोसाल्बा, ती चिलीमधल्या इकिके गावची. धक्क्यावर सगळे इतक्या प्रेमानं भेटले की तिला वाटलं इथं सगळ्यांनाच असं भेटत असतील. मग तिला कळलं की काहीतरी चुकलंय. पण नवरा गेल्यापासून तिला कुणी मिठी मारली नव्हती, म्हणून तिच्यानं सांगवलं नाही.

मग मेरेआनाला हसू फुटलं. मग आणखी एकीला. हसता हसता बायका जमिनीवर बसल्या. रोसाल्बाही हसू लागली. अकाइती तेवढी हसत नव्हती. तीस वर्षं साठवलेलं तिनं भलत्याच बाईच्या गळ्यात पडून सांडून टाकलं होतं, आणि खरी नोवाई तिकडे जहाजात होती, आणि खिंड बंद होत होती. तिचे शब्द खरे ठरत होते.

"मी येणार पडावात," ती म्हणाली.

"तू कशाला? लाटा बघितल्यास?"

"बघितल्या. चल."

"अगं ए, मला माणसं पोचवायचीत, तुझी—"

"पोकिनो, तू दगड मारलास तेव्हा तुझ्या आईला कुणी सांगितलं नाही, आठवतं ना? मी आत्ता तिच्या थडग्यापाशी जाऊन सांगेन. चल म्हणते ना!"

रोसाल्बानं तिचा हात धरला. हातवाऱ्यांनी तिला सगळं समजावलं होतं तेव्हा तिनं दोन्ही हात गालांवर मारून घेतले होते. आता ती अकाइतीला स्वतःच पडावाकडे ओढू लागली.

खिंडीत पोकिनोनं लाट मोजूनमापून धरली, पडाव उभा झाला, आडवा झाला, गोरे लोक देवाचं नाव घेऊ लागले, आणि मग ते बाहेर आले. जहाजाच्या पांढऱ्या भिंतीत पाण्यालगत एक दार उघडं होतं. तिथं खलाशी उभे होते, आणि एक पांढऱ्या गणवेशातला अधिकारी. पडाव वर गेला की खलाशी एकेका माणसाला काखेत धरून उचलून घ्यायचे. आणि त्या सगळ्यांच्या मागे, हातात एक पर्स घेऊन, नवा फुलाफुलांचा झगा घालून, एक म्हातारी उभी होती. पहाटेपासून रांगेत उभी होती ती, आणि रांग मोडल्यावरही हलली नव्हती.

"ती बघ खोक," पोकिनो म्हणाला, आणि उगीचच आपली टोपी काढली.

अकाइतीनं तोंड उघडलं. इतक्या दिवसांचं घोकलेलं, त्यातलं एक अक्षर येईना. शेवटी ती ओरडली, "जेवलीस का?"

नोवाईनं मान हलवली, नाही म्हणून.

तेवढ्यात खलाशांनी रोसाल्बाला वर घेतलं. तिनं समोर नोवाईला पाहिलं, एकदा वळून अकाइतीला पाहिलं. मग तिनं गळ्यातले सगळे हार काढले, नोवाईच्या गळ्यात घातले, आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून रडली. अकाइती धक्क्यावर जशी रडली होती, अगदी तशी, तितकीच जोरात, तितकाच वेळ. शब्द तिला येत नव्हते, बाकी सगळं येत होतं.

नोवाईनं हार हुंगले. कळ्या उमलल्या होत्या.

"ही बाई कोण?" तिनं ओरडून विचारलं. भाषा अगदी जशीच्या तशी होती.

"चिलीची आहे! तुझ्या वाटचं रडणं चुकून तिच्यापाशी रडले!"

"आणि माझं जेवण?"

"तेही तिनंच खाल्लं!"

नोवाई हसली. आणि अकाइतीला वाटलं, आता जहाज बुडालं तरी चालेल.

"नोवाई, खाली ये! आत्ता ये, लाट वर आली की पाय टाक, पोकिनो धरतो!"

अधिकाऱ्यानं हात आडवा धरला. तो माणूस वाईट नव्हता. तो समजावून सांगत होता: पासपोर्ट पर्समध्ये आहे, उतरायला बंदी नाही, पण पुन्हा वर घेता येणार नाही, जहाज आता निघणार. मग घरी कसं जाणार ते तुमचं तुम्ही बघा.

"त्यात काय!" अकाइती ओरडली. "शनिवारी विमान आहे!"

नोवाईचं हसू गेलं. तिनं दाराची कड धरली.

"विमानाची भीती वाटते मला, अकाइती."

"काय?"

"विमानाची! भीती वाटते! बाबा गेले तेव्हा मी विमानतळावर आले होते. काळा झगा घालून. जिन्यापर्यंत गेले. पाय उचलेना. लोक चढले, दार लावलं, आणि मी खाली उभी. तशीच घरी परतले, तर पोस्टातून तुझा फोन."

लाट आली, पडाव खाली गेला, पुन्हा वर आला.

"मग सांगायचंस ना, मेले!"

"तू बोलू दिलंस? आणि काय सांगू? बाबा वादळात एकटे होडी घेऊन जायचे, आणि त्यांची मोठी मुलगी जिना चढायला भ्याली, हे पोस्टाच्या रांगेसमोर सांगू?"

अकाइतीनं डोळे पुसले, पण समुद्राचं पाणीही तोंडावर उडत होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. पोकिनो ओरडत होता की आता फार वेळ धरता येणार नाही. नोवाईची मुलं, नातवंडं सगळी तिकडे होती. ती इथं राहायची नव्हती, हे अकाइतीलाही कळत होतं.

"मी येते विमानात!" ती ओरडली. "तुझ्या शेजारी बसते! हात सोडणार नाही, टोकोरोआपर्यंत सोडणार नाही! घाबरायचं तर दोघी घाबरू! ये तू!"

नोवाईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं अधिकाऱ्याचा आडवा हात खाली केला, सासू जसा सुनेचा करते तसा, आणि झगा वर धरला. रोसाल्बानं मागून पाठीवर थाप दिली. पडाव वर आला. सत्तरीची बाई सरळ पोकिनोच्या अंगावर पडली आणि दोघंही पडावाच्या तळाशी आदळली.

"दगडाचा सूड!" पोकिनो कण्हत म्हणाला.

धक्क्यावर मेरेआनानं स्वागताची हाक दिली ती जहाजावर ऐकू गेली असेल. नोवाईनं पाऊल टाकलं तेव्हा अकाइती तिच्या पायांकडे बघत होती, चपलेतल्या दोन्ही पायांकडे, नीट टेकले की नाही ते. टेकले. मग पुन्हा सगळ्या बायका तुटून पडल्या, पुन्हा सगळं रडणं झालं, आणि भट्टीच्या तळाशी उरलेलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर निघालं. कोशिंबीर संपली होती. मेरेआना पुन्हा बटाटे उकडायला गेली.

संध्याकाळी जहाजानं भोंगा दिला. दोघी बहिणी धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी टोपी हलवत होतं, रोसाल्बाच असावी. नोवाईनं हात हलवला.

"माझी बॅग गेली त्यात," ती म्हणाली. "तुझ्यासाठी कापड होतं."

"जाऊ दे. ऑकलंडला जाऊन घेऊ."

जहाज वळलं. नोवाई म्हणाली, "शनिवारचं ते... फार हलतं का गं? तुला सवय असेल."

"कसली सवय?"

"विमानाची. तू किती वेळा गेली असशील इतक्या वर्षांत."

"मी कशाला जाऊ?" अकाइती म्हणाली. "बसलेच नाही कधी. रारोटोंगाच्या पलीकडे मी काही पाहिलं नाही, तिथंही बोटीनंच गेले."

नोवाई गर्रकन तिच्याकडे वळली. "बसली नाहीस? मग पोस्टातून मला काय शिकवत होतीस? पोरंसोरं बसतात, कोंबड्या बसतात!"

"पाहिलं होतं ना. चढताना."

"आणि मघाशी म्हणालीस, हात धरून बसते!"

"धरेन की. हात धरायला काय लागतं?"

नोवाईला हसू येत होतं, पण ती हसली नाही. "तुझी पोरं तिकडे आहेत. सगळं बेट तिकडे येऊन जातं. तू का नाही आलीस कधी?"

अकाइतीनं झग्यावरची सुकलेली पाकळी झटकली. गावभर ऐकू जाणारा तिचा आवाज तेव्हा शेजारी बसलेल्या बहिणीलासुद्धा जेमतेम ऐकू आला.

"तू बोलावलंस कुठं?"

नोवाईनं तिचा हात हातात घेतला आणि तो तसाच मांडीवर धरून ठेवला.

"ये," ती म्हणाली. "शनिवारी ये माझ्याकडे. मी बोलावतेय."